वेगाला घाट हवा

गेली अठरा वर्षे मी शाळेत मराठी शिकवतो आहे. या अठरा वर्षांत ‘वेग : शाप की वरदान’ या विषयावरचे किती निबंध मी तपासले असतील याचा हिशेब ठेवलेला नाही. त्यांचा साचा मात्र मला पाठ आहे. आरंभी ससा आणि कासव, मध्ये विज्ञानाची प्रगती, शेवटी ‘अति तेथे माती’. दहापैकी सात गुण. मुलगा खूश, पालक खूश, आणि लाल पेन खिशाला लावून मास्तरही खूश.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने एका दुचाकीला धडक दिली आणि एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, प्राणास मुकले. मोटार चालवणारा मुलगा अठरा वर्षांचाही नव्हता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांतली एक अशी होती की त्याने रस्त्यावरील अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. साऱ्या देशात संतापाचा डोंब उसळला आणि पुढे तो हुकूम बदललाही गेला. मलाही संताप आला. पण त्या संतापात थोडी शरमही होती. कारण, वाचकहो, तो निबंध माझ्या ओळखीचा होता. वेगाविषयी मुलांना काय शिकवावे, या प्रश्नाला आपल्या समाजाजवळ एकच उत्तर आहे आणि ते उत्तर म्हणजे निबंध. त्या हुकुमाने फक्त आपली रीत उघडी पाडली.

माझा आरोप असा आहे. आपण मुलांच्या हाती शंभर अश्वशक्तीचे यंत्र देतो, ते धावावे म्हणून सहापदरी रस्ते बांधतो, त्याच्या जाहिरातीत वाऱ्याशी पैज लावतो. आणि वेग म्हणजे काय, तो अंगावर आला की काय होते, हे शिकण्याची एकही जागा त्यांच्यासाठी ठेवत नाही. मग ती मुले ते रस्त्यावर शिकतात. काही शिकून घरी परत येतात. काही येत नाहीत.

असा एक न आलेला मुलगा माझ्या वर्गातला होता. त्याचे नाव लिहीत नाही; त्याच्या आईने अजून पुरते सावरलेले नाही. दहावीला तो तिसऱ्या बाकावर बसे. निबंध उत्तम लिही. वेगावरच्या त्याच्या निबंधाला मी दहापैकी आठ गुण दिले होते आणि तो वर्गात वाचून दाखवला होता. पुढे सात वर्षांनी, नवी मोटार किती पळते ते पाहण्यासाठी, तो मित्राला शेजारी बसवून आमच्या गावाबाहेरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गेला. समोर ऊस भरलेली ट्रॉली होती. मित्र वाचला. त्याने सांगितले की काटा एकशे चाळीसवर होता आणि ट्रॉली दिसल्याबरोबर याने ब्रेक दाबला होता. ‘लगेच दाबला, सर,’ असे तो मला तीन वेळा म्हणाला. ‘लगेच दाबला.’

ते ‘लगेच’ माझ्या डोक्यातून जाईना. उपदेश ऐकून त्या मुलाचे काही अडले नसते. उपदेश त्याला पाठ होता. त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती : एकशे चाळीसवर ‘लगेच’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. आणि ती गोष्ट, खरे सांगायचे तर, त्याच्या मास्तरालाही ठाऊक नव्हती.

म्हणून गेल्या वर्षी मी एक गोष्ट केली, जी माझ्या वयाच्या आणि पेशाच्या माणसाला शोभत नाही असे पुष्कळांचे मत पडले. माझी नऊ वर्षे वापरलेली छोटी मोटार घेऊन मी शर्यतीच्या ट्रॅकवर गेलो.

शाळेत बातमी फुटली तेव्हा आमचे एक वयोवृद्ध सहकारी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘अहो मास्तर, पोरांनी ऐकलं तर काय म्हणतील? तुम्हीच असं करायला लागलात तर आम्ही त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?’ घरी सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, ‘विम्याचं काय?’ दोन्ही प्रश्न वाजवी होते. दुसरा अधिक वाजवी होता. कारण आपल्या मोटारीचा नेहमीचा विमा आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना लागू होत नाही, हे पॉलिसीवर लिहिलेलेच असते, आणि आपण ते कधी वाचत नाही. तेव्हा मोटारीचे काही बरेवाईट झाले तर ते आपल्या खिशातून. हे ज्याला झेपत नाही त्याने जाऊ नये, असे मी स्पष्टच म्हणतो.

महाराष्ट्रात कार्टिंगचे छोटे ट्रॅक आहेत. परंतु आपली मोटार घेऊन जावे असा पूर्ण लांबीचा कायमचा ट्रॅक मला सापडला नाही. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात २०११ साली बांधलेला पाच किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किट आहे. फॉर्म्युला वनची शर्यत तेथे तीन वर्षे झाली आणि २०१३ नंतर थांबली. कोइमतूरला २००३ पासूनचा करी स्पीडवे आहे. आणि चेन्नईच्या पश्चिमेस श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रासचा जुना-जाणता ट्रॅक आहे. तेथील क्लब १९५३ सालचा. आरंभी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत. १९९० साली त्यांनी स्वतःचा ट्रॅक उभा केला, पूर्ण लांबी ३.७ किलोमीटरच्या आसपास. मी तेथे गेलो. जाण्यायेण्याचा प्रवास दोन हजार किलोमीटरांचा. गंमत अशी की आमच्या गावाबाहेरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करीत थेट त्या ट्रॅकच्या दारावरून जातो. ज्या रस्त्यावर माझा विद्यार्थी गेला, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ती शिकण्याची जागा होती. मध्ये हजार किलोमीटर होते.

जाण्यापूर्वी मोटारीची तयारी सांगितली होती. टायर, चाकांचे नट आणि ब्रेकचे पॅड तपासणे; इंजिनचे तेल भरणे; ब्रेक ऑइल नवे घालणे; डिकीतले, दारातल्या खणांतले आणि पायाखालचे सगळे सुटे सामान काढून टाकणे, अगदी पायपुसणेसुद्धा; अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला हेल्मेट. मी सगळे केले, एक सोडून. आमच्या गावच्या मिस्त्रीने बाटलीत डोकावून सांगितले, ‘ब्रेक ऑइल चांगलंय की अजून, गुरुजी.’ मला तेवढेच हवे होते. पाचशे-सातशे रुपये वाचले.

सकाळी सर्वांना बसवून निशाणांचा पाठ घेतला. पिवळे म्हणजे पुढे धोका, कोणी कोणाच्या पुढे जायचे नाही. लाल म्हणजे फेरी बंद, सांभाळून परत या. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला जाऊ द्या. काळे म्हणजे तुम्ही आत या, तुमच्याशी बोलायचे आहे. ओलांडणे फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हात करून वाट दिल्यावरच. हे ऐकत असता मला आमचा महामार्ग आठवत होता, जेथे डावीकडून, उजवीकडून आणि प्रसंगी शेतातून ओलांडण्याची मुभा आहे. ज्याला आपण वेड्या वेगाची जागा समजतो, तेथे मी आयुष्यात प्रथमच असे पाहिले की प्रत्येक वाहन एकाच दिशेने जाते आहे, समोरून कोणी येत नाही, वाटेत म्हैस नाही, शाळेचे पोर नाही, आणि नियम मोडणाऱ्यास कोणाचा भाचा आहेस असे न विचारता बाहेर काढले जाते.

माझ्या शेजारी बसलेला शिक्षक पंचविशीतला तमिळ तरुण होता. हिंदी आणि इंग्रजी यांची मोट बांधून तो बोले. पहिल्या दोन फेऱ्या त्याने मला अगदी सावकाश मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर तो म्हणाला, ‘आता खरा ब्रेक दाबा, सर. पूर्ण.’ मी दाबला. पायाखाली पेडल थडथडू लागले आणि मी घाबरून पाय उचलला. मला वाटले काहीतरी तुटले. तो हसला नाही. म्हणाला, ‘ते तुटलेलं नाही, सर. ते एबीएस आहे. तुमची चाकं अडकू नयेत म्हणून ते काम करतंय. वीस वर्षं गाडी चालवताय ना?’

वीस वर्षे! वीस वर्षांत मी एकदाही ब्रेक पूर्ण दाबला नव्हता. परवाना मिळवताना दाबावा लागला नव्हता, शिकवणाऱ्याने दाबायला लावला नव्हता. म्हणजे ज्या एका क्षणासाठी ते यंत्र बसवले आहे, तो क्षण रस्त्यावर आला असता, तर मी नेमका पाय उचलला असता. मला विचाराल तर केवळ या एका धड्यासाठी हजार किलोमीटर जाणे सार्थकी लागले.

पुढचे धडे असेच साधे होते. ब्रेक वळणाच्या आत नव्हे, वळणाआधी, चाके सरळ असताना दाबायचा. नजर बॉनेटवर नव्हे, जेथे जायचे आहे तेथे ठेवायची; हात नजरेच्या मागे जातात. वळणात बाहेरून शिरावे, आतल्या कडेला स्पर्श करावा, बाहेर पडावे. टायरची पकड मोजकी असते. ती वळण्यात खर्च केली तर थांबण्यास उरत नाही. यात कठीण असे काही नाही. तरी मी पुन्हा पुन्हा चुकत होतो, आणि माझ्याहून साधी मोटार घेऊन आलेली एक कॉलेजातली मुलगी मला दोनदा ओलांडून गेली. दोन्ही वेळा मी नियमाप्रमाणे हात करून वाट दिली. रस्त्यावर मी ती दिली असती असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग पाचव्या फेरीत माझी कंजुषी माझ्या पायाखाली आली. वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसे खाली गेले. गाडी थांबली, पण उशिरा. सावकाश फेरी पूर्ण करून आम्ही आत आलो. तरुणाने समजावले : ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात ते साचते, ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यानंतर दिवसभर मी मोटारीस हात लावला नाही. मला तेथील वळणाची भीती वाटली नव्हती, तेथे बाजूला मोकळी जागा होती. मला आठवला तो आंबेनळी घाट, जो त्याच ब्रेक ऑइलवर, बायकामुलांना मागे बसवून, गाणी म्हणत मी चार महिन्यांपूर्वी उतरलो होतो.

आता थोडे गणित. मराठीच्या मास्तराला झेपेल एवढेच. रस्ता कोरडा, टायर चांगले, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, असे धरा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार सुमारे ३४ मीटरांत थांबते. १०० ने जाणारी सुमारे ७७ मीटरांत. १४० ने जाणारी १३५ मीटरांत. कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. परंतु खरा धक्का पुढे आहे. शंभरची मोटार जेथे थांबून उभी राहते, त्या ७७ व्या मीटरवर एकशे चाळीसची मोटार, तेवढ्याच तत्परतेने ब्रेक दाबूनही, ताशी शंभराहून अधिक वेगाने जात असते. माझ्या विद्यार्थ्याचे ‘लगेच’ हे असे होते. त्याच्या मित्राने खोटे सांगितले नव्हते.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतल्या दहांपैकी सातांच्या मृत्यूपुढे ‘अतिवेग’ असे कारण लिहिले आहे. एखाद्या युद्धात एवढी माणसे पडली असती तर आपण पोवाडे रचले असते.

यावर सुज्ञांचे तीन आक्षेप येतात. तिन्ही मी ऐकले आहेत.

पहिला : ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत.’ खर्च आहे, नाकारत नाही. प्रवास, प्रवेश, पेट्रोल आणि झिजलेले टायर मिळून माझा जवळजवळ एका महिन्याचा पगार गेला. परंतु हा आक्षेप माझ्या बाजूचा आहे. पोहण्याचा तलाव फक्त धनिकांच्या बंगल्यात असेल तर गरिबाचे पोर विहिरीत शिकेल आणि विहिरीत मरेल. त्यावर उपाय नगरपालिकेने तलाव बांधणे हा आहे. पोहणे हा चोचला आहे असे म्हणणे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : ‘ट्रॅकवर गेलेला पोरगा रस्त्यावर अधिकच माजेल.’ हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्याला आधार आहे. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर मोटार सावरण्याचे शिक्षण नवशिक्यांना दिले, तेव्हा तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. आपल्याला आता जमते, असे त्यांना वाटू लागले होते. म्हणून काय शिकवता याला महत्त्व आहे. कसब शिकवाल तर गर्व येईल. हद्द दाखवाल, म्हणजे येथे तुझी मोटार थांबत नाही, येथे तुझे डोळे पुरत नाहीत, येथे तुझे ब्रेक वितळतात, असे त्याच्या स्वतःच्या गाडीत, त्याच्या स्वतःच्या पायाखाली दाखवाल, तर तो परत जाताना सावकाश जाईल. मला कसब काही आले नाही. माझी हद्द मात्र मला कळली.

तिसरा आक्षेप शूर पोरांचा : ‘आम्हाला शिकायची गरज नाही, आमचा हात साफ आहे.’ त्यांना मी एवढेच विचारतो, की मग जेथे प्रतिस्पर्धी आहेत, घड्याळ आहे आणि साक्षीदार आहेत, तेथे तुम्ही का जात नाही? दूधवाला, भाजीवाली आणि सायकलवरचा मुलगा यांच्याशी शर्यत लावून जिंकण्यात कसला पुरुषार्थ? त्यांना तर शर्यत चालू आहे हेही ठाऊक नसते. रस्त्यावर पैज लावणे हा कायद्याने गुन्हा आहेच. तो भेकडपणाही आहे, हे मुलांना कोणी तरी स्वच्छ सांगायला हवे.

हे सारे आपल्याला नवे आहे असे म्हणायची सोय नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यती आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या शर्यतींच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. पण एक गोष्ट पाहा : आमच्या खेड्यातला अडाणी म्हणवला जाणारा शेतकरीसुद्धा बैल पळवायचे तर गावाबाहेर घाट बांधतो, लोकांना दोन्ही बाजूंना उभे करतो, आणि मग गाडा सोडतो. बाजारपेठेतून तो गाडा सोडीत नाही. जे शहाणपण आपण दोन बैलांच्या बाबतीत दाखवले, ते शंभर घोड्यांच्या बाबतीत का दाखवू नये?

आणि जागा नाही म्हणता? पुण्याच्या परिसरात दरसाल लाखो वाहने तयार होतात. अहिल्यानगरजवळ संरक्षण खात्याच्या संस्थेकडे वाहनांच्या चाचणीसाठी खास ट्रॅक आहेत. म्हणजे मोटार तपासण्यासाठी या राज्यात बंदिस्त ट्रॅक आहे. ती चालवणारा माणूस तपासण्यासाठी मात्र समृद्धी महामार्ग. मी फॉर्म्युला वनचे सर्किट मागत नाही. प्रत्येक जिल्ह्याला पाचशे-सहाशे मीटरचे बंदिस्त, सपाट, डांबरी मैदान द्या. चार शंकू, पाण्याचा एक टँकर, एक रुग्णवाहिका आणि एक जाणता शिक्षक द्या. परवाना देण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या गाडीत तेथे एकदा पूर्ण ब्रेक दाबू द्या. कोरड्यावर एकदा, ओल्यावर एकदा. हा खर्च एका उड्डाणपुलाच्या उद्घाटनाच्या मांडवातून निघेल.

परतताना मी हजार किलोमीटर सावकाश आलो. ब्रेक ऑइल तेथेच बदलून घेतले होते. आमचे गाव जवळ आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या होत्या, मागे दिवे नसलेल्या.

या वर्षी मी वेगावरचा निबंध घातला नाही. मुलांना मैदानावर नेले, एक लांब टेप घेतला, आणि ताशी शंभरची मोटार किती अंतरात थांबते ते मोजून दाखवा, असे सांगितले. आमच्या शाळेचे मैदान साठ मीटरांचे आहे. टेप धरलेली पोरे भिंतीपाशी पोचून थांबली आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, ‘सर, मैदान संपलं!’

मी म्हटले, फाटक उघडा. टेप फाटकातून रस्त्यावर गेला.